आईला फोटोतून काढलं तेव्हा

धाकटीचं आणि दादाचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. वडील गेल्यावर तिनं घरातले जुने फोटो मागितले, तेव्हा दादा म्हणाला, "ने. पण एक जरी हरवला तर याद राख." तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि वर न बघता चालू पडली.

ती बॅनर छापणाऱ्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. गालावरचे डाग पुसायचे, टकलावर केस उगवायचे, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुपणारा माणूस रांगेतून उडवायचा, हे रोजचंच. एका रिकाम्या गोदामात चित्रप्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळींना काहीतरी नवं हवं होतं, आणि हिच्या मनानं घेतलं. आईवडिलांचे जोडीनं काढलेले सगळे फोटो स्कॅन करायचे, प्रत्येकात वडिलांचे डोळे एकाच जागी बसवायचे आणि पडद्यावर सलग पळवायचे. उभा संसार, गाणं संपायच्या आत.

पहिल्यांदा चालवून पाहिलं आणि तिनं ते पुन्हा सुरुवातीपासून लावलं. एकेका फोटोत काहीच वावगं नव्हतं. सलग बघताना मात्र वडील खिळा ठोकल्यासारखे उभे, आईच्या खांद्यावर हात टाकून. आणि आई दर फोटोगणिक थोडी थोडी बाजूला सरकत चाललेली. शेवटच्या फोटोंत तर ती चौकटीबाहेर पडते की काय असं वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी तिनं लॅपटॉप घरी नेऊन आई, दादा आणि वहिनीसमोर जेवणाच्या टेबलावर उघडला. पूर्ण संपायच्या आतच दादा कडाडला, "बंद कर! बाबांना चव्हाट्यावर मांडायला निघालीस?"

"फोटो तेच आहेत, दादा. मी कुणाला इकडचं तिकडे केलेलं नाही."

"लोकांची थोबाडं बदलण्यावर पोट भरतेस, आणि मला शिकवतेस?"

वहिनीनं उठून मुकाट्यानं खिडक्या लावून घेतल्या. धाकटी आईकडे वळली. आई तरी आपली बाजू घेईल, अशी तिला खात्री होती.

"माझ्याकडे काय बघतेस?" आई म्हणाली. "आधी विचारलंस? मी सरकत होते ते मला ठाऊक नव्हतं वाटतं? इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नाही, आणि तू पडद्यावर लावून मोकळी झालीस. बापाच्या वरताण निघालीस. त्यानंही कधी विचारलं नाही."

धाकटीचा चेहरा खाडकन उतरला. "मग टाकून देऊ का सगळं?"

"मला काढ त्यातून. दुकानात काढतेस ना माणसं? त्याला राहू दे एकट्याला."

"आई, अगं..." दादा बोलू लागला.

"तू मध्ये पडू नकोस."

धाकटी बरेच दिवस धुमसत राहिली. मग रागारागातच कामाला बसली. आईच्या जागी कुठे स्टुडिओतला मागचा पडदा भरला, कुठे भिंत, कुठे बागेतलं झुडूप. एकच गोष्ट उरली. वडिलांचा हात हवेत, आता नसलेल्या खांद्यावर बोटं वळलेली. तो हात पुसणं तिच्या डाव्या हाताचा मळ होता. तिनं पुसला नाही.

गोदामात पडद्याखालच्या टेबलावर मूळ फोटो मांडले होते, पालथे. आईचं तोंड कुणाला दिसू नये म्हणून. वर वडील एकटेच म्हातारे होत होते. लोक आधी खुदकन हसायचे, मग त्या हवेतल्या हाताकडे बघत राहायचे. दादा आला, क्षणभर उभा राहिला आणि त्यानं वायरच उपटली.

"माझा बाप आहे तो, तमाशा नाही!"

तिनं वायर परत खुपसली. "माझाही आहे."

त्यानं तिचं मनगट धरलं तेव्हा लोक मध्ये पडले. जाता जाता त्यानं टेबलावरचे फोटो गोळा करून तिच्याच पिशवीत कोंबले आणि नेले. त्या दिवसापासून तिला घरचं दार बंद झालं.

आठवड्यानं आईचा फोन आला. "दादानं फोटो आणून माझ्या पुढ्यात टाकले. मी त्याला म्हटलं, तुझ्या कपाटात ठेव, मला नकोत." मग तिनंच विचारलं, "ते चालू आहे अजून?"

"आहे. तू बघायला येशील?"

"मी कशाला येऊ? मी आहे का त्यात?" आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.