उसवलेली शिलाई

आजारात उजवा हात गेला, तेव्हापासून बाइंडरला घरात कुणी इकडची काडी तिकडे करू देत नव्हतं. शर्टाची बटणं बायको लावायची, घास मुलगा भरवायचा. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच; पण फोडाला काय वाटतं, हे कोण विचारतो?

सुरुवातीला तो दुकानात बसून डाव्या हाताने पुस्तकं शिवायचा. मग एक दिवस सुई खाली ठेवली ती ठेवलीच. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "आता आजार काही उरला नाही. पण माणूस असाच खचत गेला, तर फार दिवस काढणार नाही."

दुकान आता तीच चालवत होती. काम तिला त्यानेच शिकवलेलं. एका सकाळी शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरीणबाई पाठ मोडलेली जाडजूड डिक्शनरी घेऊन आल्या. बायकोने जुना दोरा कापला, घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, सुटे केले आणि बोलता बोलता आतल्या खोलीतल्या नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगितलं.

"इंग्रजीत याला एक शब्द आहे, एनर्व्हेट," बाई म्हणाल्या. "पोरं हमखास चुकायची. एनर्जीचा भाऊ समजून 'जोर येणे' लिहायची. अर्थ नेमका उलटा, अंगातला जोर नाहीसा करणं. मूळ लॅटिन आहे. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी असते ना, ती काढून घेणं."

"काढून घेणं? आपोआप जात नाही ती?"

"शब्दावरून तरी नाही. कुणीतरी काढून घेतं."

बायकोने कापलेल्या दोऱ्याकडे पाहिलं. डाव्या हाताची त्याची शिलाई वेडीवाकडी यायची. गिऱ्हाइकाने बोल लावू नये, नवऱ्याचं मन दुखू नये, म्हणून दुपारी त्याचा डोळा लागला की ती सगळी शिलाई उसवायची आणि नव्याने शिवून ठेवायची. त्याला कळत नाही, असं ती धरून चालली होती. जन्मभर गाठी मारलेल्या माणसाला बायकोची गाठ ओळखू येणार नाही? अपराध्यासारखी ती बसून राहिली. बाई कधी गेल्या, तेही तिला नीट कळलं नाही.

मग तिने डिक्शनरीचे फर्मे उचलले आणि आत नेऊन त्याच्यासमोर ठेवले.

"अहो, एवढं शिवून द्या ना."

"कशाला?" तो खिडकीतून रस्त्याकडे बघतच म्हणाला. "दुपारी तू उसवशीलच."

तिला रडू आवरेना. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच केलं हो, पण चुकलं."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात पुढे केला. तिने सुई दिली. दोरा ओवायला ती पुढे झाली, तसा त्याने हात मागे घेतला. ओवायला त्याला इतका वेळ लागला, की तिने स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले. एक फर्मा कसाबसा शिवून झाला. टाके तिरके गेले होते.

"चालेल हो," ती घाईने म्हणाली. "कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय," तो म्हणाला, आणि नव्याने शिवण्यासाठी स्वतःच टाके उसवायला लागला.