गाईडमधली आई

शिकवणीला येणाऱ्या सातवीतल्या रूपालीने ‘माझी आई’ हा निबंध माझ्यापुढे ठेवला. गाईडमधली आई जशीच्या तशी उतरली होती. पहाटे उठणारी, सडा घालणारी, तुळशीला पाणी घालणारी.

“तुमच्याकडे तुळस आहे?”

“नाही बाई. कुंडीसुद्धा नाही.”

“मग आई सकाळी काय करते?”

तिला हसू आवरेना. “शिट्टी वाजवत भाकऱ्या थापते. आजी ओरडली की आणखी जोरात!”

“अगं, हेच लिही की!”

“निबंधात असं चालतं?”

इतकी वर्षं मी वह्यांतल्या चुका शोधत बसले. त्या बिनचूक वाक्यांत कुणाचीच आई नव्हती, हे कधी दिसलंच नाही. मी लाल पेनाला टोपण लावलं. रूपालीने अख्खं पान खोडलं, नवं उघडलं, आणि लिहिता लिहिता हळूच शिट्टी वाजवू लागली.