नाक्यावर अडलेली गिटार

लाखेच्या पॉलिशचा वास आला की अहेरीहून चांद्याला जाताना लागणारा तो जंगलनाका डोळ्यांपुढे येतो. शाळा अर्धवट सोडून मी कोकणातून इतक्या लांब आरागिरणीत आलो होतो आणि मला घरात ठेवून घेणाऱ्या तिथल्या मिस्त्रींच्या जिवावर जगत होतो. गावी आई अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा माझ्या भाड्यासाठी मिस्त्री आपली गिटार विकायला निघाले. देश सोडून जाताना एका गोऱ्या साहेबाने टाकून दिलेली ती फुगीर पोटाची गिटार त्यांनी फटी सांधून, पॉलिश चढवून आरशासारखी केली होती. नाक्यावर नाकेदार, म्हणजे खाकीत कोंबलेला मठ्ठपणाच, आमच्या बसमध्ये चढला. जंगलातल्या प्रत्येक ओंडक्यावर सरकारी शिक्क्याचा हातोडा बसलेला लागे, एवढंच त्याला ठाऊक. “लाकूड हाय ना? मंग हातोडा काऊन नाई मारला?” मिस्त्री म्हणाले, “भाऊ, बाजा हाय हा, लाकडाची बल्ली थोडीच हाय! चांद्याचा बँडमास्तर वाट पाहून राह्यला.” “मले नको शिकवू.” आणि ओंडक्यावर हाणावा तसा त्याने हातोडा हाणला. पोट फुटून आत गेलं, तारा लोंबल्या. “झाली पास. आता कोणी अडवत नाई,” तो उपकार केल्याच्या थाटात म्हणाला. बँडमास्तरने ती हातातसुद्धा धरली नाही. भाडं जमवून मी गावी पोचलो तेव्हा आईचं तेरावंही उरकलं होतं. आज मिस्त्रींचा चेहरा काही केल्या नीट आठवत नाही. त्या नालायकाचे पानाने रंगलेले दात मात्र लख्ख आठवतात.