मनीषाने ‘साथ’ दिली नव्हती

मनीषा गेल्याचा फोन तिच्या नवऱ्याने, प्रकाशनेच केला. त्या दिवशी फक्त रडू आलं. संताप आला तो नंतर, बदलापूरच्या शोकसभेत. एक वक्ते म्हणाले, “प्रकाशरावांच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात वहिनींनी मोलाची साथ दिली.” साथ? अहो, उल्हासनगरच्या त्या दुकानातून बाहेर पडलेला प्रत्येक कॉम्प्युटर तिने जोडलेला! प्रकाश गिऱ्हाईक सांभाळायचा, स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात असायचा.

आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. एकदा ऐन मे महिन्यात अंबरनाथच्या एका कारखान्यात ती निघाली, तर मीही सोबत गेले. तिथला डिझाइनचा कॉम्प्युटर सारखा बंद पडत होता, सगळं काम खोळंबलेलं. मॅनेजरने आमच्यामागे दाराकडे पाहिलं. “मॅडम, टेक्निशियन किधर है?”

“समोर उभी आहे,” मनीषा म्हणाली.

“नाही, म्हणजे... खोलून बिघडलं तर?”

“बिघडलंय म्हणूनच बोलावलंत ना? मग खोलू द्या.”

प्रोसेसरवरचा हीटसिंक, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, तिने उचलला. खाली, दोन्हींच्या मध्ये लावायच्या पेस्टचा नुसता चिखल, कडांवरून ओघळलेला. “पावाला लोणी थापावं तशी थापलीय मेल्याने!” ती माझ्याकडे वळून करवादली. “दोन धातूंमधल्या बारीक फटींतली हवा घालवायची, एवढंच हिचं काम. थर जाड झाला की तोच उष्णता अडवतो, मग तापून मशीन बंद पडतं.” सगळं पुसून तिने प्रोसेसरच्या मधोमध नव्या पेस्टचा मटारच्या दाण्याहून लहान ठिपका ठेवला, हीटसिंक सरळ खाली दाबला आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले. कॉम्प्युटर दुपारभर न अडखळता चालला. निघताना मॅनेजर म्हणाला, “सरांना थँक्यू सांगा हां...”

रिक्षात ती बोटांना लागलेली पेस्ट पुसत राहिली.

शोकसभेत मी उठणार, तेवढ्यात प्रकाशच उभा राहिला. “साथ मी दिली तिला,” तो म्हणाला. “मला आजही कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडता येत नाही.” आणि तरीही पुढच्या वक्त्यांनी तिच्या हातच्या वालाच्या बिरड्याचंच कौतुक केलं!

हे लिहितेय तो कॉम्प्युटर तिनेच जोडलेला. आतली पेस्ट काही वर्षांनी वाळते, तेव्हा कुणालातरी तो उघडावा लागेल. जो कोणी येईल त्याला चहापाणी नंतर... आधी तिचं नाव सांगेन.