न झालेल्या कामांची पाहणी

आमचे सासरे जे नाही ते बघायला जात.

न्यूझीलंडला येणारी बाकीच्यांची आईवडील मंडळी तळी बघतात, बर्फ बघतात, मेंढ्यांशेजारी उभं राहून फोटो काढतात. अण्णांना यातलं काही नको असे. शनिवारी सकाळी नऊला डोक्यावर माकडटोपी, काखेत छत्री, खिशात पाच मीटरची टेप अशा तयारीनं ते दारात उभे राहत आणि मला म्हणत, "जावईबापू, निघायचं ना? आज हॉल करून टाकू." हा हॉल म्हणजे आमच्या उपनगरासाठी कौन्सिलनं कधीकाळी ठरवलेला आणि पैशांअभावी कधीच न बांधलेला सार्वजनिक हॉल. त्या जागी गवत होतं. अण्णा ते गवत चारही बाजूंनी फिरून बघत.

अण्णा कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत बत्तीस वर्षं ओव्हरसियर होते. रस्ते, गटारं, शाळांच्या खोल्या, स्मशानातली शेड असं बरंच काही त्यांच्या हातून झालं, पण त्याबद्दल ते बोलत नसत. बोलत ते न झालेल्या नाट्यगृहाबद्दल. त्याचं भूमिपूजन तीन वेळा झालं, तीन वेगवेगळ्या पाहुण्यांच्या हस्ते. "कोनशिला तीन, पाया शून्य," ते सांगत. "पुढं त्या शिलांवर शेजारच्या बायका गोधड्या वाळत घालायच्या. म्हणजे अगदीच वाया नाही गेल्या." मी एकदा विचारलं, की अण्णा, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आता कशाला? तर म्हणाले, "झालेल्या कामाचं कौतुक करायला मांडव घालून माणसं येतात. न झालेल्याकडं कोणीतरी जायला नको का?"

इथल्या कौन्सिलचा पुढच्या दहा वर्षांचा आराखडा त्यांना वाचनालयात सापडला. उशीएवढं जाड पुस्तक. पुढच्या भागात हसऱ्या कुटुंबांची रंगीत छायाचित्रं होती, ती त्यांनी दोन बोटांनी एकदम उलटली आणि शेवटचं परिशिष्ट काढलं. त्याचं शीर्षक होतं 'अनफंडेड'. वाचनालयाचा दुसरा मजला, ओढ्यावरचा पूल, भूकंपासाठी मजबूत करायचं म्हणून कुलूप लावून ठेवलेलं जुनं सभागृह, दोन बसथांबे, एका टेकडीच्या पायऱ्यांना रेलिंग. अण्णांच्या चेहऱ्यावर परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटल्याचा आनंद पसरला. "असंच असतंय," ते म्हणाले. "पुढची पानं छापायची, शेवटची जपायची." ती यादी त्यांनी लाल पाठीच्या वहीत उतरवून घेतली आणि आमचे शनिवार संपले.

पहिल्यांदा आमची रेवाही आली होती, तेव्हा ती बारा वर्षांची होती. गवतात उभी राहून म्हणाली, "आजोबा, देअर्ज नथिंग हिअर."

"म्हणून तर आलो," अण्णा म्हणाले आणि टेपचं टोक तिच्या हातात दिलं. ती पुन्हा कधी आली नाही. त्या दिवशी तिथं कुत्रा फिरवणारा एक उंच माणूस थांबला. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगात पावसाळी जॅकेट. सगळं ठीक ना, त्यानं विचारलं. आम्ही हॉलची पाहणी करतोय, मी लाजत लाजत सांगितलं. "व्हॉट हॉल?" त्यानं विचारलं. अण्णा त्याच्याकडं बघून गंभीरपणे म्हणाले, "येस." तो थोडा वेळ गवताकडं बघत राहिला, मग "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', म्हणून निघून गेला. कुत्रा मात्र थांबला होता. त्याला बहुधा पटलं होतं.

पाहणी संपली की गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून अण्णा नोंद करत. ती दर वेळी एकच असे. 'पाहणी केली. काम सुरू झालेले नाही.' खाली त्यांची सही. त्याखाली 'समक्ष' असा शब्द आणि त्यापुढं माझी सही. मी सही करताना एकदा हसलो, तर म्हणाले, "हसू नका. एकट्यानं केलेली पाहणी धरत नाहीत."

'तत्त्वतः मंजूर' हा त्यांचा लाडका शब्दप्रयोग. सुमेधा, म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी, चहा ठेवू का विचारायची.

"तत्त्वतः मंजूर."

"म्हणजे हवाय का नकोय, अण्णा?"

"हवाय. पण तरतूद तू करायची."

गॅरेजमध्ये फळ्या ठोकायचं मी लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला कबूल केलं होतं. अण्णांनी त्या रिकाम्या भिंतीचीही पाहणी केली, टेप लावली आणि वहीत नोंद घेतली. 'समक्ष' म्हणून सुमेधानं फार उत्साहानं सही केली. तिथंच पोहायला शिकणं, पोट कमी करणं ही माझी इतर प्रलंबित कामंही त्यांनी तिच्या सांगण्यावरून जोडून घेतली. ती अजून तिथंच आहेत.

शनिवारचं हे असं. बाकीच्या दिवसांचं मला माहीत नव्हतं, किंवा मी माहीत करून घेतलं नाही. पावणेआठला आमचं घर रिकामं होई. मी वेलिंग्टनमधल्या एका गोदामात मालाच्या ट्रकांची वेळापत्रकं लावतो. कुठल्या ट्रकनं किती वाजता कुठं असावं हे मला पाठ असतं. घरातला एक म्हातारा माणूस दिवसभर कुठं असतो, हे पाठ नव्हतं. आमचं घर टेकडीवर आहे. खिडकीतून अख्खं बंदर दिसतं. येणारे पाहुणे म्हणतात, काय व्ह्यू आहे! अण्णा म्हणत, "पाणी छान दिसतंय. माणूस दिसत नाही." संध्याकाळी विचारलं की ते दिवसाचा अहवाल देत. आज कचऱ्याची गाडी आली होती. गाडीवाल्यानं हात केला. मीपण केला. झाला अहवाल.

टेकडीच्या पायथ्याशी वाचनालय आहे, बसथांबाही तिथंच. आमच्या गल्लीतून खाली जायला एकशेबारा पायऱ्यांची सार्वजनिक वाट आहे, झाडीतून उतरणारी, शेवाळलेली, बाजूला धरायला काही नसलेली. गाडीचा रस्ता लांबून वळसा घालून जातो आणि त्याला फुटपाथ नाही. टॅक्सी करून पेपर वाचायला जाणं अण्णांच्या हिशेबात बसत नव्हतं. एका गुरुवारी माझी रजा होती म्हणून मी त्यांना खाली सोडलं. दर गुरुवारी तिथं वयस्कर मंडळी एका टेबलाभोवती बसून जिगसॉ पझल जुळवतात. संध्याकाळी आणायला गेलो तर अण्णा आणि एक चिनी आजोबा डोक्याला डोकं लावून बसले होते. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती आणि दोघांनाही इंग्रजी बेताचंच. परत येताना गाडीत अण्णा तोंडभरून बोलत होते. "आम्ही दोघांनी मिळून आकाश लावलं. सगळे तुकडे निळे हो, ओळखायचे कसे? पण लावलं."

पुढच्या गुरुवारी माझी रजा नव्हती. त्याच्या पुढच्याही.

त्याच सुमारास कौन्सिलनं आराखड्यावर नागरिकांची मतं मागवली. छापील फॉर्म होता. ऑनलाइन भरू म्हटलं, तर अण्णांनी मान हलवली. "कागद आवक-जावकमध्ये नोंदवावा लागतो. पडद्याचं काय, पुसला की गेला." यादीत चाळीसेक कामं होती, त्यांनी एकच निवडलं. पायऱ्यांचं रेलिंग. काळ्या शाईच्या पेनानं, ठळक सुट्या अक्षरांत, इंग्रजीत चार पानं लिहिली. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी. पायऱ्यांची उंची, रुंदी, उतार, शेवाळ कुठून कुठपर्यंत, सगळं शनिवारी माझ्या सोबतीनं टेपनं मोजलेलं. चार पानांत 'मी' हा शब्द एकदाही नव्हता. मग फॉर्म माझ्याकडं दिला. "ते चौकोन तेवढे तुम्ही भरा आणि पोस्टात टाका. आणि बोलायला बोलावतात म्हणे, पाच मिनिटं?"

"बोलावतात," मी म्हणालो.

शेवटचा चौकोन तोच होता. आपल्याला सभेसमोर बोलायचं आहे का? हो, नाही. मी ऑफिसच्या टेबलाशी बसलो होतो. सुनावणी कामाच्या दिवशी होती, रजा काढावी लागली असती. आणि खरं सांगायचं तर मला तो 'रिस्पेक्टेड सर' डोळ्यांसमोर दिसला. माकडटोपी काढून, घसा साफ करून, अडखळत बोलणारे आपले सासरे, आणि शेजारी मी. मी टेबलावरच्या निळ्या पेनानं 'नाही'वर खूण केली आणि लिफाफा बंद केला.

अण्णांनी पांढरा शर्ट इस्त्री करून हँगरला लावून ठेवला. रोज पोस्टाची पेटी उघडून बघू लागले. बाथरूममधून पाच मिनिटांचं भाषण ऐकू येई. "घड्याळ लावून करतोय," ते सांगत. "साडेचार मिनिटांत बसवलंय. अर्धं मिनिट त्यांच्या प्रश्नांसाठी." तीन आठवडे तो शर्ट हँगरला होता. एके दिवशी पत्र आलं. आपल्या मताबद्दल आभार, पायऱ्यांचा वापर फार कमी आहे, सबब काम तूर्त यादीतच राहील. अण्णांनी दोनदा वाचलं. "सुनावणी न घेताच निकाल?" एवढंच म्हणाले. मी कोथिंबीर आणायला म्हणून जॉन्सनव्हिलच्या बाजारात निघून गेलो. कोथिंबीर घरात होती.

नंतरच्या एका शनिवारी वाचनालयात त्यांना लोकांनी भरलेल्या फॉर्मांचा छापील गठ्ठा मिळाला. त्यांनी आपला फॉर्म शोधून काढला. मी शेजारी उभा होतो. रंगीत प्रत होती. ते बराच वेळ त्या शेवटच्या चौकोनाकडं बघत राहिले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "खूण निळी आहे."

मी खिशातलं पेन आत सारलं.

"बरोबर केलंत," ते म्हणाले. "तुमची रजा गेली असती. शिवाय माझं इंग्रजी म्हणजे..." आणि गठ्ठा होता तसा जागेवर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशीची पाहणी त्यांनी नेहमीसारखी केली, बॉनेटवर वही ठेवली, माझ्याकडून सही घेतली. घरी येऊन पांढरा शर्ट घडी करून बॅगेत ठेवला.

दोन महिन्यांनी त्यांचा व्हिसा संपला. सुमेधानं वाढवायचा विषय काढला तर म्हणाले, "तत्त्वतः मंजूर. पण आता गावाकडची कामंही बघायला हवीत." विमानतळावर त्यांनी मला रीतसर चार्ज दिला. टेप एक, छत्री एक, लाल पाठीची वही एक. तशी यादी करून माझी सही घेतली. "वही मागच्या बाजूनंही बघा कधीतरी," जाता जाता म्हणाले, आणि माकडटोपी नीट करून आत गेले.

मी वही ड्रॉवरमध्ये टाकली. त्या पावसाळ्यात अण्णा तिकडं झोपेतच गेले. सुमेधा रेवाला घेऊन गेली. त्या दोघी तिकडं असताना मी वही काढली आणि मागून उघडली.

तिथं शनिवार नव्हते. सोमवार, बुधवार, गुरुवार होते. 'सोमवार. १२. परत.' 'बुधवार. वारा. गेलो नाही.' 'गुरुवार. २७. पाय घसरला. लागले नाही. घरी सांगू नये.' आकडे पायऱ्यांचे आहेत हे कळायला मला वेळ लागला. मग ओळीनं सगळे गुरुवार. 'गुरुवार. ४३. येथून वाचनालयाचे दार दिसते. परत.' 'गुरुवार. ४३. परत.' 'गुरुवार. ४३. आत टेबलाशी दिवा लावला आहे. परत.' कुठल्याच नोंदीखाली 'समक्ष' नव्हतं.

पुढच्या वर्षी कौन्सिलनं पुन्हा मतं मागवली. मी काळ्या पेनानं 'हो'वर खूण केली, रजा काढली. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या टेबलामागं नऊदहा जण बसले होते. माझ्याआधी एक बाई पोहण्याच्या तलावावर सुंदर बोलल्या. मी माझा कागद टेबलावर ठेवला. "किया ओरा," अध्यक्षबाईंनी हसून माओरीत नमस्कार केला. मग त्यांनी समोरच्या कागदात बघत विचारलं, या पायऱ्या साधारण किती लोक वापरतात?

"नोबडी," मी म्हणालो.

 मी सांगितलं, की हेच सांगायला आलोय. माझे सासरे त्या वापरत नसत. दर गुरुवारी वापरत नसत. त्रेचाळिसाव्या पायरीपर्यंत येऊन वापरत नसत. मग वही उघडून त्या नोंदी इंग्रजीत वाचत गेलो, पाच मिनिटं संपल्याची घंटा वाजेपर्यंत. साडेचार मिनिटांत बसवायला मला जमलं नाही. कोणी प्रश्न विचारला नाही. अध्यक्षबाईंनी आभार मानले आणि काही तरी लिहून घेतलं.

नवा आराखडा आलाय. पायऱ्या शेवटच्याच पानावर आहेत.

परवाच्या शनिवारी टेप आणि छत्री घेऊन गेलो. दक्षिणेचा वारा होता, छत्री पहिल्याच वळणावर उलटी झाली. पायऱ्या मोजत उतरलो. गुडघे आता माझेही करकरतात. त्रेचाळिसावर झाडी संपते आणि खाली खरंच ते दार दिसतं. उघडतं, मिटतं, माणसं आत जातात. तिथून पुढं उतार एकदम वाढतो. मी पाय टाकला आणि हात आपोआप बाजूला गेला. तिथं काही नव्हतं. पुन्हा एकदा गेला.

मग तिथंच ओल्या पायरीवर बसलो आणि गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. पाहणी केली. काम सुरू झालेले नाही. अण्णा करत त्या जागी सही केली. खाली 'समक्ष' लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.