मीरासाहेबांचे खिसे

मीरासाहेबांच्या नावात साहेब जन्मापासूनच होता. विमान कंपनीनं तो छप्पन्न साली हुद्द्यातही घातला आणि माणूस दमला. त्याआधी दापोडीहून लोहगावच्या विमानतळापर्यंत रोज सायकल हाणायची, दिवसभर इंजिनात कोपरापर्यंत हात घालायचे आणि संध्याकाळी शीळ घालत घरी यायचं. आता कंपनीची मोटार दारात सोडायची, आणि माणूस असा उतरायचा, जणू लोहगावपासून ती त्यानंच ढकलत आणलीय.

शेजारचे बबनराव पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात होते. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांचा एकच प्रश्न असायचा.

"काय मीरासाहेब, आज किती इमानं उडवली?"

"एक. तेही उशिरा."

"मंग दिसभर केलं काय?"

"ते उशिरा का उडालं, हे मुंबईला फोनवर सांगितलं."

"आणि ह्याचा पगार वाढवून दिला व्हय? धन्य हाय राव तुमची कंपनी!"

मीरासाहेब हसायचे, पण तेवढंच. टाय सैल करायचे आणि आत जायचे.

त्यांचे वडील नूरमोहम्मद. दापोडीच्या रस्त्यालगत त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. रोज दुकान बंद करताना हत्यारं गोणपाटावर मांडायची, मोठ्यानं मोजायची, मगच घरात ताट वाढलं जायचं. मीरासाहेब शिकले, लढाईच्या धामधुमीत बंगलोरला विमानं खोलली-जोडली, इंजिनिअर झाले, लायसन मिळवलं. लायसन म्हणजे हे विमान उडायला लायक आहे असं लिहून खाली सही करायचा हक्क. त्या सहीवाचून चाक हलायचं नाही. पण वडिलांचं गोणपाट काही सुटलं नाही. काम झालं की हत्यारं ताडपत्रीवर मांडायची, एकानं यादी वाचायची, दुसऱ्यानं बोट लावून मोजायचं. एक जरी कमी भरलं तरी विमान जागचं हलणार नाही. पाना इंजिनात राहिला तर पुढं काय होतं, ते सांगायला वरून कोणी परत येत नसतं.

मॅनेजर झाले आणि लेखी हुकूम आला: मॅनेजरनं हत्याराला हात लावायचा नाही. आणि तिथंच खरी मेख होती. लायसन दर दोन वर्षांनी ताजं करावं लागे, आणि त्यासाठी सहा महिने इंजिनावर हात चालवल्याची नोंद वहीत लागे. टेलिफोनवर हात चालवून ती कुठून भरणार? लायसन गेलं की माघारी फिरायची वाट बंद. मग पेन्शनीपर्यंत तीच खुर्ची आणि तोच टेलिफोन.

तेव्हा साहेबांनी चोरटा धंदा सुरू केला. ऑफिस उघडायच्या तासभर आधी जायचं आणि मुक्कामाच्या विमानाचं इंजिन उघडायचं. त्यांच्या जागी आलेला ज्योतीराम मूळचा साताऱ्याकडचा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो गुपचूप वहीत नोंद करायचा.

घरी मात्र गुपचूप काही चालत नाही.

"कोटाच्या बाहीला ग्रीस कसं?" झुलेखानं विचारलं. "ऑफिसात कागदांना ग्रीस लावता का?"

"बेगम, कुणाला बोलू नको."

झुलेखा कुणालाच बोलली नाही. फक्त बबनरावांच्या मंजुळाबाईंना बोलली. दुपारपर्यंत आळीला कळलं. दापोडीचं गुपित लोहगावला पोचलं नाही, हे साहेबांचं नशीब.

असे पाच महिने भरले.

सहाव्या महिन्यात एका सोमवारी साहेब प्लग बदलत होते, तोच ऑफिसात फोन खणखणला. ते तसेच धावले. इकडं ज्योतीरामनं उरलेलं काम उरकलं, ताडपत्री पसरली, मोजणी केली. यादीत चोवीस, ताडपत्रीवर तेवीस.

उतारू आत बसलेले. ज्योतीराम सही करीना. इंजिनाची झाकणं पुन्हा उघडली. अर्धा तास गेला, तास गेला. मुंबईचा फोन काही खाली राहीना.

"कुणामुळं खोळंबलंय?"

"साहेब, एक पाना सापडत नाहीये."

"कुणी हरवला? नाव सांगा, आजच घरी पाठवतो त्याला!"

"शोधतोय, साहेब."

फोन ठेवून मीरासाहेब बाहेर आले. ऊन चढलेलं. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून कोटाच्या खिशात हात घातला, आणि हाताला गार लोखंड लागलं.

ते तिथंच थांबले. पलीकडं गवत होतं. पाना गवतात टाकायचा, "सापडला रे" म्हणून ओरडायचं. विमान जाईल, महिना भरेल, लायसन वाचेल. ठपका मात्र ज्योतीरामवर. तो तोंडभर तेल माखून इंजिनात डोकं घालून उभा होता, आणि शोधत होता साहेबांचा खिसा.

पंचवीस वर्षं लोखंड उचललं, पण इतकं जड कधी लागलं नव्हतं. मीरासाहेबांनी पाना ताडपत्रीवर ठेवला.

"मोज."

ज्योतीरामनं पान्याकडं पाहिलं, मग कोटाकडं. हळूच म्हणाला, "साहेब, गवतात घावला म्हणू."

"तू मोज."

चोवीस भरली. सही झाली, विमान गेलं. मग मीरासाहेबांनी आपण होऊन मुंबईला फोन लावला. "पाना मॅनेजरच्या खिशात होता. हो, मीच काम करत होतो. नाव लिहून घ्या."

कंपनीनं त्यांना काढलं नाही. रोज इतकं ऐकून घेणारा दुसरा कुठून आणणार? वहीतले पाच महिने तेवढे तांबड्या शाईनं खोडले. लायसन गेलं.

"म्हंजी आता इमानाला हात लावायचा न्हाई?" बबनरावांनी विचारलं.

"नाही."

बबनरावांनी ओट्यावर सरकून जागा केली. चहा मागवला.

हात लावायला मनाई होती, बघायला नव्हती. मीरासाहेब अजून तासभर लवकरच जायचे आणि हात पाठीमागं बांधून ताडपत्रीशी उभे राहायचे. मोजणी सुरू करण्याआधी ज्योतीराम मान वर न करता म्हणायचा,

"साहेब, खिसे."

आणि मॅनेजरसाहेब कोटाचे दोन्ही खिसे बाहेर उलटे काढून दाखवायचे.