अण्णांचं पान

हॉटेलात काम करणाऱ्याला किस्से मुद्दाम लक्षात ठेवावे लागत नाहीत. फोडणीच्या वासासारखे ते अंगाला चिकटतात, घरी जाऊन अंघोळ केली तरी जात नाहीत. शिर्डीच्या थाळीवाल्या हॉटेलात होते तेव्हाचे माझ्याकडे ढीगभर आहेत, पण ते हसण्यासारखे. पारनेरचे वेगळे.

पारनेरजवळच्या माळावर आमचं रेस्टॉरंट आहे. मालक आणि शेफ एकच, संतोष. मूळचा इथलाच. आईवडील श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जायचे, म्हणून हा वसतिगृहात वाढला. पुढे फ्रान्सच्या किचनमध्ये बरीच वर्षं काढली आणि परत आला. तोवर आई गेली होती, वडील होते, अण्णा. आमच्याकडे बाजरी, हुलगे म्हणजे कुळीथ, शेळीचं दूध असं सगळं इथलं, आणि शिजवायची रीत फ्रेंच. गिऱ्हाईक बहुतेक पुण्याचं. मी कॅप्टन, म्हणजे पुढ्यात काय आलंय ते समजावून सांगणारी.

*

सुरुवातीचीच गोष्ट. आम्हाला हुलगे देणाऱ्या शेजारच्या शेतकऱ्याला शेफने बायकोसकट जेवायला बोलावलं. काकू नवं लुगडं नेसून आल्या होत्या. मी प्लेट ठेवली. हुलगे शिजवून, वाटून लोण्यासारखे मऊ केलेले, वर बटरमध्ये परतलेली चिगळीची रानभाजी. मी पाठ केलेलं सांगायला लागले.

काकू मला मध्येच म्हणाल्या, "हे आमी दुष्काळात खायचो, बाई. थोरली पोरगी गेली त्या साली घरात दुसरं काहीच नव्हतं."

त्यांनी प्लेट हळूच बाजूला सरकवली. काकांनी आपली संपवली, मग त्यांची पुढ्यात ओढली आणि तीही संपवली. 

*

शेफचा सगळ्यात आवडता पदार्थ म्हणजे बोकडाच्या हाडांचं सूप. तासन्‌तास उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्याने त्यातला गाळ ओढून घ्यायचा, मग कपड्यातून गाळायचं. शेवटी वाटीचा तळ दिसेल इतकं नितळ होतं. पुण्याची माणसं डोळे मिटून पितात.

अण्णा कधी टेबलावर बसायचे नाहीत. किचनच्या मागच्या दाराशी उकिडवे बसायचे. शेफने त्यांना वाटी दिली. अण्णांनी एक घोट घेतला, वाटीत बघितलं, मग पोराकडे बघितलं.

"भांडं इसळलेलं पानी हाय हे. मटन कुठं गेलं?"

शेफ मनापासून हसला. त्याला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

*

मग तो उन्हाळा आला. बोअर आटली. आम्ही टँकर मागवला. फाटकातून टँकर आत वळला तेव्हा रस्त्याच्या कडेला बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. नुसत्या बघत होत्या. शेफ बाहेर गेला, ड्रायव्हरशी बोलला आणि टँकर तसाच गावात पाठवून दिला.

आत पाहुणे येऊन बसलेले. प्लेटा धुवायला पाणी नाही. शेवटी बाजारातून पत्रावळ्या आणल्या आणि बटरचे सगळे सॉस त्यावर वाढले. पाहुण्यांना वाटलं, ही खास थीम आहे. फोटोवर फोटो. एका बाईंनी तर मला विचारलं, "किती सुंदर कल्पना आहे! सुचली कशी?"

मी म्हटलं, "पाणी नव्हतं."

त्यांना तेही आवडलं.

*

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात अण्णांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. नगरला तपासण्या झाल्या तेव्हा गळ्याचा कॅन्सर पार पुढे गेलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले. नाकातून नळी घातली आणि सगळं पातळ, गाळून, त्यातूनच द्यायला सांगितलं.

शेफने तेच सूप केलं. हॉस्पिटलात मी सोबत गेले होते. सिस्टरने डबा उजेडात धरला आणि म्हणाली, "हे तर पाणीच आहे. घाला."

शेफ नळीतून सूप सोडत होता. अण्णा खाली उतरणाऱ्या धारेकडे बघत होते. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चव सांग की."

शेफ एरवी चवीवर तासभर बोलणारा माणूस.  नळीतलं सूप संपत आलं तेव्हा म्हणाला, "तिखट हाय, अण्णा."

अण्णांनी जीभ ओठांवरून फिरवली. "मंग बरोबर हाय," म्हणाले.

*

दिवाळीच्या अलीकडे एका दुपारी अण्णा स्वतः म्हणाले, मला तुझ्या हाटेलात बसून जेवायचंय. धुतलेलं धोतर, टोपी, गालावर पट्टीने चिकटवलेली नळी. खिडकीजवळच्या टेबलावर मी त्यांचं पान मांडलं, काटे-चमचे सगळं.

"पुन्याच्या मान्सांना सांगती तसं सांग, पोरी," म्हणाले.

शेफने काहीच गाळलं नाही. सगळं क्रमाने, गरम, नीट सजवून पाठवलं. मी एकेक ठेवायचे, सांगायचे. अण्णा वाकून वास घ्यायचे, प्लेटच्या कडेवर बोट टेकवायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "उचल." भरलेल्या प्लेटा तशाच आत जायच्या. किचनमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

शेवटी सीताफळाचं गोड आलं. त्याचाही वास घेऊन झाल्यावर अण्णा म्हणाले, "झकास झालं जेवन. पन तुमच्यात आग्रह करायची पद्धत न्हाई का?"

मी आत जाऊन शेफला सांगितलं. तो तसाच ॲप्रनवर बाहेर आला. हातात सीताफळाची दुसरी प्लेट होती. अण्णांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला.

"एवढं एक घ्या, अण्णा. माझ्यासाठी."

अण्णांनी प्लेटवर हात आडवा धरला.

"न्हाई रे बाबा, आता बास. पार गळ्यापत्तुर आलंय."